घरच्या हाताची भवानी

मी फार बोलत नाही. घरच्यांना याची सवय आहे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाण्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी. बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं, जसं असेल तसं लिहायचं आणि लिहिलेलं साहेबांच्या टेबलावर ठेवायचं. पाणी चांगलं असलं तर कुणी काही विचारत नाही. बिघडलेलं असलं तर लिहिलेलं पुरतं, बोलावं लागत नाही. इतकी वर्षं असं काम केलं की माणसाला वाटायला लागतं, खरं ते लिहून दिलं की आपली जबाबदारी संपली. या समजुतीपायी मी माझ्या पोरीचं जे नुकसान केलं ते आजवर तिघांखेरीज कुणाला माहीत नाही. आता सांगून टाकते.

मुलगी पुण्यात चांगल्या नोकरीत होती. एक दिवस सामान घेऊन नाशिकरोडला घरी आली आणि म्हणाली, गेम करणार आहे. व्हिडिओ गेम. तिची एक मैत्रीण पुण्यात बसून चित्रं काढणार आणि ही इथे वरच्या खोलीत बसून बाकीचं सगळं करणार. आमच्या ह्यांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं की नाही, शंकाच आहे.

गेम फुलांचा होता. पहाटे मळ्यात फुलं खुडायची, गाडीवर लादायची, पूल ओलांडून ऊन चढायच्या आत बाजार गाठायचा आणि दिवसभर विकायची. विकणारी एक बाई. माझी आई तेच करायची. मखमलाबादकडे आमचा झेंडूचा आणि गुलाबाचा मळा होता आणि नदीकाठच्या फुलबाजारात आईची ठरलेली जागा. मुलीने आजीला बाजारात बसलेलं कधी पाहिलं नाही. तिला कळायला लागलं तोवर आईचे गुडघे गेले होते आणि ती पलंगावर बसून नातीला बाजाराच्या गोष्टी सांगायची. त्या गोष्टींचाच हा गेम.

दोन पावसाळे ती वरच्या खोलीत होती. मग दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, या आठवड्यात विकायला काढतेय. हे म्हणाले, झाला का पूर्ण? ती म्हणाली, नाही, अर्ली अॅक्सेसमध्ये. मग तिने समजावून सांगितलं. अर्धा झालेला गेम वेबसाइटवर विकायला ठेवायचा, तो अर्धा आहे हे वर ठळक लिहायचं, ज्यांना दम निघत नाही ते घेतात, खेळतात, काय चुकतंय ते सांगतात, त्यावरून उरलेला पुरा करायचा. घेणाऱ्याला स्वस्त पडतो आणि करणाऱ्याला पुढचे महिने काढता येतात.

"म्हणजे भाकरी एका बाजूने भाजायची," हे म्हणाले, "ताटात वाढायची आणि वर विचारायचं, दुसरी बाजू किती भाजू?"

"बाबा, तू रोज तव्याजवळ उभा राहून तेच सांगतोस की."

हसलो सगळे. हसता हसता तिने सांगितलं की घरातल्या कुणी गेम विकत घ्यायचा नाही, आत्याने नाही, मामाने नाही. "मला खरं गिऱ्हाईक पाहिजे."

माझा हात वाटीवर थांबला. कारण हे मी आधी आईकडून ऐकलं होतं. आईच्या धंद्यात दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. तिचा पैसा ती तराजूला लावायची, कपाळाला लावायची आणि मगच कनवटीला. भवानीचं गिऱ्हाईक कधी मोडायचं नाही, घासाघीस झाली तर आपण पडतं घ्यायचं, पण परत पाठवायचं नाही. ते नाराज होऊन गेलं तर दिवस गेला. आणि घरच्या माणसाने भवानी करायची नाही. मी कॉलेजला जाता जाता बाजारात डोकवायचे. एकदा दिवस बराच वर आला तरी आईचं एक फूल हललं नव्हतं. मी बसच्या पैशातले काढून पुढे केले, म्हटलं दे एक गजरा, मी करते भवानी. तिने माझी मूठ मिटवून परत केली. म्हणाली, "आपल्याच आडातलं पाणी काढायचं आन् आपल्याच आडात वतायचं, याला पाऊस झाला म्हणत नाय."

गेम विकायला लागला तो दिवस. मुलगी सकाळी अंघोळ करून, देवाला फूल वाहून बसली होती. मला सुटी होती. जिन्यावरून तिच्या खुर्चीचा आवाज येत होता, थोड्या थोड्या वेळाने मागे सरकल्याचा. म्हणजे बघते, उठते, परत बसते. दुपारी जेवायला आली तेव्हा मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. ताटात भात तसाच ठेवून वर गेली.

मी माझा जुना लॅपटॉप काढला. गेमचं पान उघडलं. चित्रं सुंदर होती, पूल तर हुबेहूब. खाली लिहिलं होतं, हा गेम अजून पूर्ण नाही, आत्ता घ्यायचा की थांबायचं ते तुम्ही ठरवा. खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणाचा असता तर मी थांबले असते. ज्या पाण्यातला गाळ अजून खाली बसलेला नाही त्याचा नमुना मी हातात धरत नाही. आणि पोरीने घातलेली अट, आईने मिटवलेली मूठ, दोन्ही आठवत होतं. पण वरची खुर्ची पुन्हा सरकली.

मी घेतला. खात्याला नाव हवं होतं, तर वेबसाइटनेच सुचवलेलं कुठल्याशा पक्ष्याचं नाव होतं, पुढे आकडे, तेच ठेवलं. लॅपटॉप मिटून कणीक मळायला घेतली तोच जिन्यावर पावलं धडधडली.

"आई, भवानी झाली."

हा शब्द तिला आजीकडून आला असणार. तिने लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावला, डोळे मिटून. मी पिठाचे हात तसेच ठेवून बघत राहिले. म्हणाली, कोण असेल गं, कुठे बसला असेल. मी म्हटलं, असेल कुणी.

इथेच थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

मी खेळायला लागले. दुपारपाळी असली की सकाळी खोलीचं दार लावून घ्यायचे. कपड्यांच्या घड्या घालते म्हणून सांगायचे. आमचं कपाट त्या दिवसांत फार नीटनेटकं होतं. बाणांच्या कळा दाबून गाडी चालवायला मला वेळ लागला, पहिल्यांदा तर सगळा झेंडू नदीत गेला. पण हळूहळू जमलं. आणि जमलं तसे दोष दिसायला लागले. झेंडू गुलाबाच्या आधी मान टाकत होता. फुलांवर गोणपाट टाकायची सोय होती, पण ते ओलं केलं काय, कोरडं ठेवलं काय, फुलांना फरक पडत नव्हता. पुलावर गाडी अडकायची. गिऱ्हाईक भाव ऐकून घासाघीस न करता सरळ चालायला लागायचं, असं नाशिकमध्ये कधी झालंय? आणि ती बाई. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभीच. तिला बसता येत नव्हतं. मी सगळ्या कळा दाबून पाहिल्या.

एक दिवस गेम बंद करताना वेबसाइटने विचारलं, तुम्ही हा गेम इतरांना सुचवाल का? हो म्हणायला वर केलेला अंगठा, नाही म्हणायला खाली केलेला. खाली लिहायला जागा.

आमच्याकडे नमुना एकतर पास होतो, नाहीतर नापास. मधलं काही नसतं. मी खालचा अंगठा दाबला आणि लॅबच्या इंग्रजीत दोष लिहून काढले, एकाखाली एक. सुरुवात अशी की सध्या घेऊ नये, दुरुस्ती होईपर्यंत थांबावे. शेवटी, विकणाऱ्या बाईला बसण्याची सोय करावी. त्यानंतर पुन्हा तपासावे. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं, हे कबूल करते. वाटलं, पोरीला तोंडाने जे कधी सांगता आलं नसतं ते लिहून पोचवलं. मदत केली.

मला वाटलं होतं, ते तिच्याकडे जाईल. दोष लिहायचा तो वरच्या माणसासाठी, तो कुणी गेटवर लावत नाही. इथे तो गेटवरच लागतो हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी ती जेवायला बसली ती फोन घेऊनच. पहिलं मत आलंय, म्हणाली, आणि वाचून दाखवायला लागली. मी भाजी वाढत होते. माझीच वाक्यं, तिच्या आवाजात, एकेक. ह्यांनी विचारलं, कोण हा शहाणा?

"शहाणाच आहे, बाबा. एकही गोष्ट खोटी नाही लिहिलेली."

"मग तुला सांगायचं गुपचूप. चारचौघांत अंगठा खाली कशाला?"

तिने फोन ताटाशेजारी पालथा ठेवला. मग मला म्हणाली की आता जो कुणी पानावर येईल त्याला सगळ्यात आधी हेच दिसणार, पहिलं गिऱ्हाईक सांगतंय घेऊ नका. माझ्या हातातला डाव भांड्यावर वाजला. तिने वर बघितलं. तो क्षण होता. तेव्हा सांगायला हवं होतं. मी विचारलं, अजून भाजी हवी का?

नंतरचे दिवस कसे गेले ते तिच्या खुर्चीवरून कळत होतं. आता ती सरकत नव्हती. मुलगी कामच करत होती, सारखी. लोक पानावर येत होते आणि वाचून परत जात होते, थोडे जण घेतही होते, पण ज्यांच्यासाठी एवढं केलं ते बहुतेक सगळे म्हणत, पूर्ण झाल्यावर बघू. पुण्याच्या मैत्रिणीला बंगळुरूहून नोकरी सांगून आली होती. तिने संक्रांतीपर्यंत वाट बघते म्हणून कळवलं. म्हणजे संक्रांतीपर्यंत काही हललं नाही तर चित्रं काढणारं कुणी उरणार नव्हतं आणि गेम अर्धाच राहणार होता, माझ्या आईसकट.

मत बदलायची सोय असते. मी ते पान रोज उघडायचे. पण पूल अजून दुरुस्त झाला नव्हता, गोणपाटाचंही तेच. दुरुस्ती न होता नापासाचा पास करायचा, हे माझ्या हाताला येईना. याला तत्त्व म्हणणं सोयीचं होतं. खरं कारण भीतीचं होतं. मत अचानक बदललं तर तिला संशय येईल आणि ती विचारेल, आणि विचारलं तर मला सांगावं लागेल. आणि तिचं मात्र त्या पक्ष्याच्या नावाशी जमलं होतं. रागवायची, पण जेवताना त्याच्याबद्दलच बोलायची. इंग्रजीत लिहितो म्हणजे तो दक्षिणेकडचा फुलवाला असणार, नाहीतर त्याची आई असणार फुलवाली. याला गुलाब कळतो, झेंडू कळतो. हे म्हणाले, पत्ता काढ, दिवाळीला फराळ पाठवू. मी उठून पाणी आणायला गेले.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती म्हणाली, आई, माझ्याबरोबर फुलबाजारात चल, मला आवाज घ्यायचेत. मी निघाले. तिच्याकडे आवाज टिपायचं छोटंसं यंत्र होतं, ते ती पाण्याच्या शिंतोड्याजवळ धरत होती, गाडीच्या चाकाजवळ, तागडीच्या साखळीजवळ. एका बाईपाशी बराच वेळ थांबली. ती बाई झेंडूच्या ढिगावर ओलं पोतं पसरत होती आणि त्याचा चप्प असा आवाज येत होता. मुलगी मला हळूच म्हणाली, हे त्या माणसाने लिहिलेलं गोणपाट. त्याच्याचसाठी आले.

बाईने आमच्याकडे बघितलं. "नुसतं यंत्र काय धरता ताई, घ्या ना थोडी. आजून भवानी झाली नाय. पोरीचा हात लय चांगला दिसतोय."

मुलीने पैसे काढून दिले. बाईने नोट तागडीला लावली, कपाळाला लावली. फुलं बांधून देताना ती एका पायावर बसलेली होती, दुसरा गुडघा वर, त्यावर कोपर टेकवून. आई अशीच बसायची. मला पुढचं ठरवावं लागलं नाही. तोंडातून निघून गेलं.

"तुझी भवानी मी केली होती."

तिला आधी कळलं नाही. मी म्हटलं, गेमची. पहिला गेम मीच घेतला. आणि तो अंगठाही माझाच.

तिने सगळ्यात आधी हातातलं यंत्र बंद केलं. मग फुलांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी तुला वाचून दाखवलं, आई. सगळं. तू भाजी वाढत होतीस."

"हो."

"त्याच्याबद्दल बोलायचे रोज. तेव्हाही."

"हो."

ती चालायला लागली. मी मागे. गर्दीत ती दिसेनाशी झाली आणि मला वाटलं, गेली घरी. पण पुलाच्या तोंडाशी कठड्याला टेकून उभी होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. खाली नदीचं पाणी संथ होतं, कुणीतरी सोडलेलं निर्माल्य फिरत होतं.  मग ती म्हणाली, पुलावर गाडी अडकते, गोणपाट चालत नाही, हे लिहिलंस त्याचा मला राग नाही. लोक गेले त्याचाही नाही फार, ते तसेही गेले असते.  मी वाट बघितली. माझ्याहून ती फार वेगळी नाही, तिलाही वेळ लागतो.

"त्या बाईला बसायला जागा द्या, असं होतं शेवटी," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणाला तरी परक्याला माझ्या गेममध्ये आजी दिसली."

  लोक परत पाठवले, मैत्रीण जायला निघाली, हे सगळं भरून निघण्यासारखं होतं. हे नव्हतं. एका अनोळखी माणसाला आपल्या कामात आपलं माणूस दिसावं, याहून मोठी भवानी कुठली, आणि ती मी आपल्याच आडातून काढून आडातच ओतली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, इतकंच.

मग मीच म्हटलं, आज घरी गेल्यावर अंगठा वर करून टाकते.

"तसं नाही करता येत." ती नाक पुसत म्हणाली. "घरच्या माणसाने मत द्यायचंच नसतं. चांगलं नाही, वाईट नाही. काढून टाकावं लागेल."

"सगळं?"

"सगळं. आणि आई, तुला जे वाटतं ते मला सांगत जा ना. तोंडाने."

मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, बघते नाही. मग मी म्हटलं, बरं. आणि लगेच सांगितलं, कारण नंतर धीर झाला नसता, की तू नोकरी सोडून आलीस त्या दिवशी मला आनंद झाला होता. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नमुन्याची बाटली खाली पाडली होती.

घरी येऊन तिच्यासमोर मी मत काढून टाकलं. पानावरची ती जागा रिकामी झाली. खोटं कशाला बोलू, मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. ह्यांना आम्ही रात्रीच्या जेवणाला सांगितलं. ते भाकरी मोडत म्हणाले, म्हणजे फराळ घरातच राहिला.

आता मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसते. पाळी सांभाळून, पण बसते. बोलायला अजून जड जातं. हे चूक आहे एवढं चटकन येतं, हे छान आहे म्हणायला मी घसा खाकरते आणि तिला ते कळतं, ती थांबते. पुलावर गाडी अडकायची थांबली. ओलं गोणपाट चालायला लागलं, त्या रविवारचाच चप्प आवाज त्याला आहे. गिऱ्हाइकांना घासाघीस मी शिकवली. अडलेल्या गोष्टी सुटल्या तशी दोन-तीन अनोळखी मतंही आली, एक चांगलं, एक बरं, एकाला पुलावरून पाणी फार लांब दिसतं म्हणून तक्रार. मैत्रीण संक्रांतीला तिळगूळ घेऊन आली आणि चित्रांची नवी पानं ठेवून गेली. बंगळुरूला तिने आणखी मुदत मागितली आहे. ती मिळते की नाही, ठाऊक नाही.

परवा लॅबमधल्या एका मैत्रिणीने विचारलं, तुमच्या लेकीचा गेम आमच्या घरी हवाय, आत्ता घेऊ की पुरा झाल्यावर? पूर्वी मी खांदे उडवले असते, नाहीतर खरं ते चिठ्ठीवर लिहून दिलं असतं. मी तिला बसवून सांगितलं. म्हटलं, अजून कच्चा आहे. कधी पुरा होईल, होईल की नाही, माझी मुलगीसुद्धा सांगू शकणार नाही. पुरा झालेलाच खेळायचा असेल तर थांबा, त्यात वाईट काही नाही. आत्ता घेतलात तर तो कसा वाढतो ते बघाल, आणि काही बोललात तर ते त्यात जाईल. आवडलं तर तसं म्हणा, नाही आवडलं तर तसं. फक्त एवढं करा, मी सांगितलं म्हणून घेऊ नका.

ती विचार करते म्हणाली. ते मला आवडलं.

बसण्याचं काम सगळ्यात शेवटी झालं. पुण्याहून चित्रं आली, मुलीने ती जोडली आणि मला वर हाक मारली. फुलांची गाडी लागली होती, सकाळ होती, अजून गिऱ्हाईक आलं नव्हतं. तिने एक कळ दाबली. बाई खाली बसली, एका पायावर, दुसरा गुडघा वर.

"कशी आहे?" मुलीने विचारलं.

मी घसा खाकरला. ती थांबली.

"छान आहे," मी म्हटलं. "फक्त वर डावा गुडघा पाहिजे. आई उजव्या पायावर बसायची, म्हणून तोच गुडघा आधी गेला."